भाचीचं अडलेलं काम आणि ब्रिटनच्या खासदाराचं ऑफिस : पाचपैकी साडेचार

जळगाव, भुसावळ, यावल, फैजपूर, धुळे, आपल्या भागातली बरीच पोरंपोरी आता इंग्लंडात आहेत. कुणी नर्सिंगला गेलंय, कुणी आयटीत, कुणी शिकायला गेलं आणि तिथंच नोकरीला लागलं. इथं आईवडलांचा जीव टांगणीला, की तिथं काही अडलं तर पोरगं जाणार कोणाकडे. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. रिव्ह्यू तिथल्या खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसचा, आणि खासदार पार्लमेंटात काय करतो ते दाखवणाऱ्या वेबसाईटचा. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मी जवळून बघितलंय. आधीच सांगून टाकते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येतंच.

मी पंचायत समितीत आवक-जावक सांभाळून रिटायर झालेली बाई आहे. कागद कुठून आला, कुणाच्या टेबलावर गेला, तिथं किती दिवस बसला, यावर माझी नजर आपोआप जाते, त्यामुळे हे सगळं मी त्याच नजरेनं बघितलंय.

झालं असं की भाची मिडलँड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात राहते, नवरा आणि लहान मुलगा. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिचं एक सरकारी काम अडकून पडलं होतं. आपल्या नावात मधे वडलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं ना, ते एका कागदावर आडनावात घुसलं होतं आणि दुसऱ्या कागदावर गायबच होतं, म्हणजे कम्प्युटरच्या हिशेबानं त्या दोन वेगळ्या बायका. तिला नोकरी बदलायची होती आणि नवी कंपनी म्हणे आधी नाव जुळवून आणा मग बघू. दुरुस्तीचा अर्ज केला, मेल केले, फोन धरून ताटकळत बसली, प्रत्येक वेळी वेगळा माणूस आणि तेच उत्तर की तुमचा अर्ज प्रोसेसमध्ये आहे. खात्याचं नाव लिहीत नाही, त्यानं काही होणार नाही. शेवटी शेजारच्या गुजराती काकू म्हणाल्या की एमपीकडे का जात नाहीस. भाची म्हणाली, "मावशी, मी इथली सिटिझनसुद्धा नाही, मला कोण विचारतंय?"

तर हे आपल्या लोकांना माहीतच नाही. खासदाराकडे जायला तिथलं नागरिकत्व लागत नाही, मतदार यादीत नाव लागत नाही, त्याला मत दिलेलं असावं लागत नाही. तुम्ही त्याच्या मतदारसंघात राहता, पुरे झालं. आणि दुसरी गोष्ट ऐकून तर इथं सगळ्यांना नवल वाटतं, कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असेल आणि तिथं राहायची रीतसर परवानगी असेल तर तो ब्रिटनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदानसुद्धा करू शकतो. म्हणजे आपला भारतीय पासपोर्टवाला पोरगा वर्क व्हिसावर असताना तिथं मत देऊ शकतो, नाव नोंदवायचं आणि मतदानाला जाताना पासपोर्ट दाखवायचा, तो ओळखपत्र म्हणून चालतो. भाचीच्या घरात दोघांनाही हे ठाऊक नव्हतं आणि तिथं जाऊन त्यांना चांगली काही वर्षं झाली होती.

एक अट मात्र पक्की आहे. ज्याचा त्याचा खासदार. दुसऱ्या मतदारसंघातल्या खासदाराला लिहिलं, तो कितीही मोठा असो, आपल्या वंशाचा असो, तो नम्रपणे परत पाठवणार की तुमच्या खासदाराकडे जा, तशी तिथली जुनी रीत आहे. आणि आपण भुसावळहून लिहून काही उपयोग नाही. आईवडलांचा टुरिस्ट व्हिसा अडला असेल तरी अर्ज तिथं राहणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं करायचा, स्वतःचा पत्ता घालून.

आपला खासदार कोण हे पोस्टकोडवरून कळतं. त्यासाठी राइट टू देम नावाची साईट आहे, मायसोसायटी नावाची धर्मादाय संस्था ती चालवते. पोस्टकोड टाकला की नाव येतं, तिथंच पत्र लिहायचं, पूर्ण पत्ता द्यायचा, मग मेलवर एक लिंक येते, ती दाबल्याशिवाय पत्र पुढे जात नाही. मला आवडलं ते असं की एकसारखी छापील पत्रं शेकड्यानं पाठवायला गेलात तर ती साईट अडवते, तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहा म्हणते. आणि दोन आठवड्यांनी तीच साईट विचारते की काय हो, उत्तर आलं का. म्हणजे पोहोच घेण्याचं काम तीच करते. आमच्या ऑफिसात लोक अर्ज टाकून जायचे आणि पोहोच घ्यायची विसरायचे, मग महिन्यानं येऊन भांडायचे, हातात पुरावा काही नाही.

पत्र मी आणि भाचीनं मिळून बसून केलं. पहिल्यांदा तिनं दोन पानं लिहिली होती, त्यात सगळा मनस्ताप, मी म्हटलं अगं असं नको. वर विषय एका ओळीत. मग अर्जाची तारीख, रेफरन्स नंबर, काय चुकलंय, त्यामुळे काय अडलंय, आणि शेवटी नेमकं काय हवंय. तिला हवं होतं एवढंच की नाव दुरुस्त करून द्या किंवा का होत नाही ते लेखी सांगा. एवढं एका पानात बसलं. असं पत्र जगात कुठल्याही ऑफिसात चालतं.

उत्तर लवकर आलं, खासदाराकडून नाही, त्यांच्या केसवर्करकडून, म्हणजे ऑफिसात लोकांची कामं बघणाऱ्या बाईकडून. ही माणसं म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहेत हे माझं ठाम मत झालंय. खासदाराला माणसं ठेवायला वर्षाला दोन लाख पौंडांच्या वर बजेट मिळतं, ते त्याच्या हातात पडत नाही, इप्सा नावाची स्वतंत्र संस्था परस्पर पगार करते. त्यातली काही माणसं लंडनला आणि काही मतदारसंघात. केसवर्करनं आधी संमतीचा फॉर्म पाठवला, म्हणजे तुमच्या वतीनं तुमची खाजगी माहिती आम्ही खात्याकडे मागू का यावर सही. मग ऑफिसचा स्वतःचा केस नंबर दिला. नंबर बघितल्यावर माझा अर्धा जीव भांड्यात पडला, नोंद झाली म्हणजे कागद हरवणार नाही. शिवाय म्हणाली, प्रत्यक्ष भेटायचं असेल तर शुक्रवारी सर्जरी आहे, वेळ देते.

तिथं खासदाराच्या लोकांना भेटण्याच्या बैठकीला सर्जरी म्हणतात. सोमवार ते गुरुवार खासदार साधारण वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनला पार्लमेंटात, गुरुवारी रात्री नाहीतर शुक्रवारी सकाळी मतदारसंघात, आणि शुक्रवार-शनिवार लोकांसाठी. आम्हाला एका सार्वजनिक लायब्ररीतली आतली खोली सांगितली होती, जागा आणि वेळ आदल्या दिवशी कळवली, जाहीर कुठं लावलेली नव्हती. दारात एकानं नाव विचारलं, पिशवी बघितली.

हे एवढं का, तर त्यामागे फार वाईट गोष्टी आहेत. २०१० च्या मे महिन्यात पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांना त्यांच्याच सर्जरीत एका तरुण मुलीनं भोसकलं, भेटीची वेळ घेऊन आली होती. ते वाचले आणि बरे होऊन पुन्हा सर्जरी घ्यायला लागले, पुढेही ईस्ट हॅमनं त्यांनाच निवडून दिलंय, २०२४ लासुद्धा. जो कॉक्स यांचं तसं झालं नाही. १६ जून २०१६ ला यॉर्कशायरमधल्या बर्स्टल गावी लायब्ररीत लोकांना भेटायला निघालेल्या या बाईंना रस्त्यावरच मारलं, खासदार होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं, घरी लहान मुलं. आणि १५ ऑक्टोबर २०२१ ला डेव्हिड एमेस, ली-ऑन-सी इथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये सर्जरी चालू असताना मारले गेले. इतकं होऊनही त्या लोकांनी दार बंद केलं नाही, वेळ घेऊन या म्हणाले इतकंच. याबद्दल मला त्या सगळ्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

एमेस यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मतदारसंघाचं काम म्हणजे काय हे त्यांच्या कारकिर्दीवरून मला नीट समजलं. १९८३ ला बॅसिल्डनमधून निवडून आले, १९९७ पासून साऊथएंड वेस्ट. जवळजवळ चाळीस वर्षं पार्लमेंटात आणि एकदाही मंत्री नाही. आपल्याकडे अशा माणसाला लोक म्हणतील काय मिळवलं यानं. पण थंडीत घर गरम ठेवणं ज्यांना परवडत नाही अशांसाठी २००० साली जो कायदा झाला तो यांनी स्वतः खाजगी विधेयक म्हणून आणलेला. तिथं दर अधिवेशनात खाजगी विधेयकांसाठी चिठ्ठ्या काढतात, वीस नावं निघतात, त्यातलीही थोडीच विधेयकं शेवटापर्यंत पोचतात, चर्चेला शुक्रवार मिळतात आणि शुक्रवारी बाकीचे खासदार गावी गेलेले असतात, त्यातून कायदा काढून दाखवणं सोपं नाही. आणि दुसरं म्हणजे साऊथएंडला शहराचा दर्जा. तिथं टाऊनला सिटी म्हणवून घ्यायला राणीची नाहीतर राजाची मंजुरी लागते, लोकसंख्या वाढली म्हणून आपोआप होत नाही. हा माणूस कुठल्याही विषयावर बोलायला उभा राहिला तरी साऊथएंडला सिटी करा हे त्यात आणायचाच, वर्षानुवर्षं. गेल्यावर तीन दिवसांत पंतप्रधानांनी सभागृहात जाहीर केलं की राणीनं मान्यता दिली. त्यांना ते बघायला मिळालं नाही. आपल्याकडे एखाद्या स्टेशनावर गाडीला थांबा मिळावा म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या निवेदनं देतात, त्यांना या चिकाटीचं मोल कळेल.

असो, लायब्ररीकडे येते. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते, भिंतीला ओल येऊन काळं पडलंय त्याचे मोबाईलवर फोटो घेऊन आलेले. आम्हाला पंधराएक मिनिटं मिळाली. खासदारांच्या समोर आमच्या पत्राचं प्रिंट होतं आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या, म्हणजे वाचून आलेले होते. पहिला प्रश्न, अर्ज ऑनलाईन केला की पोस्टानं. दुसरा, खात्याकडून आलेलं शेवटचं उत्तर कोणत्या तारखेचं. मग म्हणाले नाव मला नीट समजावून द्या. भाचीनं कोऱ्या कागदावर दोन्ही स्पेलिंगं एकाखाली एक मोठ्या अक्षरांत लिहिली आणि मधलं नाव कुठून उठून कुठं गेलं तिथं गोल करून बाण काढला. ते दोन मिनिटं बघत राहिले, मग केसवर्करला म्हणाले हा कागदच पत्राला जोडा. मला हे फार पटलं. आश्वासन काही दिलं नाही, उलट स्पष्ट सांगितलं की निर्णय खात्याचा, मी फक्त विचारू शकतो, पण माझ्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

पत्राची कॉपी पुढच्या आठवड्यात घरी आली. वर हिरव्या रंगात जाळीचा दरवाजा आणि त्यावर मुकुट, हे पार्लमेंटचं चिन्ह, हिरवा रंग कॉमन्सचा, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाचा. खाली तीन परिच्छेद. भाचीला वाटलं एवढंच? मी म्हटलं बाई, हे अर्धशासकीय पत्रासारखं आहे, याचं वजन लांबीत नसतं, कोणाच्या सहीनं कोणाच्या नावानं गेलं त्यात असतं. बहुतेक खात्यांत खासदारांच्या पत्रांसाठी वेगळा कक्ष असतो आणि बऱ्याच ठिकाणी वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं लक्ष्य ठेवलेलं असतं. आमचं उत्तर त्यापेक्षा थोडं उशिरा आलं पण आलं. कळलं काय तर दोन नावांमुळे तिचा अर्ज दोन वेगळ्या नंबरांखाली पडला होता, एक टेबल दुसऱ्याची वाट बघत होतं आणि दुसरं पहिल्याची! जन्मभर मी हेच बघितलंय. नंबर एकत्र केले, नाव दुरुस्त झालं, नव्या कंपनीत ती रुजू झाली.

आता कुणी म्हणेल आमचंही असंच होईल का. तसं नाही. कोर्टाच्या निकालात खासदार हात घालू शकत नाही. भाऊबंदकी, घरमालकाशी वाद, नवराबायकोचं भांडण, मालकानं पगार बुडवला, यात तो फार तर कुठं जायचं ते सांगेल. कचरा, रस्त्यावरचा खड्डा, मुलाची शाळा, घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स, हे सगळं तिथल्या कौन्सिलचं, म्हणजे नगरसेवकाचं काम, खासदार पत्र पुढे पाठवेल पण हुकूम देऊ शकत नाही. व्हिसा नाकारला असेल तर तो फिरवून आणू शकत नाही, का नाकारला आणि काही चुकलंय का एवढं विचारतो. पण एक दार असं आहे जे फक्त खासदारच उघडू शकतो. सरकारी खात्याच्या कारभाराविरुद्ध तिथल्या ओम्बड्समनकडे, म्हणजे आपल्या लोकायुक्तासारख्या माणसाकडे तक्रार न्यायची असेल तर ती खासदाराच्या मार्फतच न्यावी लागते, १९६७ च्या कायद्यापासून असंच आहे. ज्यांचं काम खात्यानं खरंच नासवलंय त्यांनी हे लक्षात ठेवा.

आता दुसरा भाग, वेबसाईट. दे वर्क फॉर यू. हीसुद्धा मायसोसायटीचीच, २००४ ला काही स्वयंसेवकांनी हौसेनं सुरू केलेली. पोस्टकोड टाका, तुमच्या खासदाराचं पान येतं. सभागृहात कधी बोलला, शब्दन्‌शब्द काय बोलला, कोणत्या मंत्र्याला कोणता लेखी प्रश्न विचारला आणि मंत्र्यानं काय उत्तर दिलं, कोणत्या मतदानात कुठल्या बाजूला गेला. नाव लावून ठेवलं की तो बोलला त्या दिवशी मेल येतो. मी भुसावळला परत आल्यावरही भाचीच्या खासदारांचा अलर्ट चालू ठेवलाय, चहा पिताना वाचते. पहिल्या पहिल्यांदा इंग्रजी जड गेलं, पण प्रश्नोत्तरं छोटी असतात, जमतं.

मतदानाचं नोंदवणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं मतदान पुकारलं की घंटा वाजते, आठ मिनिटांत दरवाजे बंद, हो म्हणणाऱ्यांनी एका लॉबीतून जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या, आणि प्रत्येकाचं नाव टिपलं जातं. आपल्या लोकसभेत बहुतेक गोष्टी आवाजी मतदानानं होतात, त्यामुळे आपल्या खासदारानं एखाद्या विधेयकाला काय केलं हे नावानिशी शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. तिथंही व्हिप म्हणजे पक्षादेश असतोच, बहुतांश मतं पक्षाच्या ओळीतच पडतात, पण मोडला तर पक्ष बाहेर काढेल, खासदारकी राहते. जुलै २०२४ मध्ये दोनच मुलांपर्यंत भत्ता देण्याच्या मर्यादेवरून सत्ताधारी लेबर पक्षाच्या सात खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं, पक्षानं त्यांना निलंबित केलं, पण खासदार म्हणून ते बसलेच होते. अशा वेळी त्या पानावर दिसतं की हा माणूस आपल्या पक्षापेक्षा वेगळा कुठं गेला. ते वाचा, बाकी मतदान म्हणजे पक्षाचंच मतदान.

पान बघताना एक काळजी घ्या. आकडे बघून माणूस मोजू नका, साईटसुद्धा हेच सांगते. गैरहजर का होता ते तिथं लिहिलेलं नसतं. आजारी असेल, बाळंतपण असेल (आता तशा वेळी दुसऱ्यामार्फत मत देता येतं), सरकारी दौऱ्यावर असेल. मंत्री झालेला माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, त्यामुळे त्याच्या पानावर प्रश्न शून्य. स्पीकर मतदानच करत नाहीत, फक्त बरोबरी झाली तर. आणि उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे खासदार तर निवडून येऊन सभागृहात बसतच नाहीत, राजाच्या नावानं शपथ घ्यायची नाही म्हणून, पण मतदारसंघातली ऑफिसं मात्र चालवतात. लोकांचे अर्ज घेतात. मतदारसंघातलं काम वेबसाईटच्या कुठल्याच आकड्यात येत नाही. भाचीची केस सुटली त्याची त्या पानावर एक ओळसुद्धा नाही.

पैशांचंही सगळं उघडं आहे. २००९ ला तिथं खासदारांच्या खर्चाचं मोठं प्रकरण झालं, एका वर्तमानपत्रानं बिलंच छापली, एकानं तळ्यातल्या बदकांच्या घराचं १,६४५ पौंडांचं बिल लावलं होतं, ते मंजूर झालं नव्हतं पण लोक भडकायचे ते भडकलेच. त्यातूनच ही इप्सा आली. आता खासदाराचा पगार तीच ठरवते, एप्रिल २०२५ ला तो वर्षाला ९३,९०४ पौंड होता, आणि कोणी ऑफिसच्या भाड्यावर किती, रेल्वे तिकिटावर किती खर्च केला ते तिच्या साईटवर टाकते. बाहेरची कमाई, भेटवस्तू, फुकटचे दौरे यांचं वेगळं रजिस्टर असतं. आणि गैरवर्तनासाठी ठरावीक मुदतीचं निलंबन झालं किंवा तुरुंगवास झाला तर २०१५ च्या कायद्यानुसार मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या केल्या की खुर्ची रिकामी, पोटनिवडणूक. पीटरबरोला २०१९ ला पहिल्यांदा तसं झालं.

इथं आल्यावर लोक मला विचारतात की मग आपले खासदार असं का करत नाहीत. यात थोडा न्याय करून बोललं पाहिजे. ब्रिटनमध्ये ६५० खासदार आणि एका मतदारसंघात साधारण सत्तर ते सत्त्याहत्तर हजार मतदार. आपला एकेक आमदारसुद्धा त्याच्या चौपटीच्या आसपास लोकांना तोंड देतो. रावेर लोकसभा चोपड्यापासून पार बुलढाण्यातल्या मलकापूरपर्यंत, जळगाव लोकसभा चाळीसगावपासून अमळनेरपर्यंत, मतदार अठरा-वीस लाखांच्या घरात. एका माणसानं दर शुक्रवारी लायब्ररीत बसून पंधरा-पंधरा मिनिटं दिली तर जन्म पुरायचा नाही. शिवाय आपला खासदार वर्षाला पाच कोटींचा निधी वाटतो, सभामंडप, रस्ता, हायमास्ट, तिथं खासदाराला असा निधीच नाही. त्यामुळे तिथं कोणी खासदाराकडे काँक्रीट मागायला जात नाही, कागद मागायला जातो.

पण दोन गोष्टी आपल्याकडे आजही होऊ शकतात असं मला वाटतं. केळीच्या पीकविम्याचे अर्ज घेऊन शेतकरी लोकप्रतिनिधीकडे जातात, निवेदन देतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. त्या निवेदनाला आवक नंबर द्या. आणि विमा कंपनीला नाहीतर कृषी खात्याला जे पत्र गेलं त्याची कॉपी त्या शेतकऱ्याला पोस्टानं, व्हॉट्सॲपवर, कशानंही पाठवा. याला ना कायदा लागतो ना निधी, एक रजिस्टर आणि एक नीट काम करणारा क्लार्क लागतो. मी असे क्लार्क बघितलेत, आपल्याकडे आहेत. आणि आपला खासदार संसदेत काय करतो ते बघायचं असेल तर पीआरएस संस्थेच्या साईटवर हजेरी, प्रश्न, चर्चा सगळं मिळतं, भुसावळ-जळगावच्या कॉलेजातल्या पोरांनी तरी ते उघडून बघावं. दादाभाई नौरोजी १८९२ ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी निवडून गेले आणि तिथल्या मतदारांचे खासदार राहून त्यांनी भारताची गाऱ्हाणी त्याच सभागृहात मांडली, म्हणजे या कामाची ओळख आपल्याला काल-परवाची नाही.

आता अर्धा पॉईंट. पहिली गोष्ट, खासदारानं सर्जरी घ्यायलाच हवी, इतक्या दिवसांत उत्तर द्यायलाच हवं, असा कुठलाही नियम नाही. भाचीचे खासदार चांगले निघाले. तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या मतदारसंघात छापील उत्तर आलं आणि पुढे काही नाही, आणि याची तक्रार करायला जागा नाही, पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचं. दुसरं, निवडणूक जाहीर होऊन पार्लमेंट विसर्जित झालं की त्या दिवसापासून कोणीच खासदार नसतो, चालू केस तिथंच थबकते आणि नवा माणूस आला तर बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडे सगळ्या पत्रांच्या कॉपी असतील तर निभावतं. तिसरं, फोन. ऑफिसचा फोन ठरावीक वेळातच उचलतात, नोकरी करणाऱ्या माणसाला त्या वेळात फोन करणं जमत नाही, मेलच करा.

आणि घर बदलणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, आपली पोरं तिथं भाड्याच्या घरात असतात आणि सारखी घरं बदलतात. पोस्टकोड बदलला की कधी कधी एकाच शहरात दोन गल्ल्या ओलांडल्यावर खासदार बदलतो, मग जुनं ऑफिस केस पुढे चालवत नाही. केस चालू असताना घर बदललं तर त्याच दिवशी केसवर्करला कळवायचं, कागद नव्या ऑफिसकडे द्यायला तुमची लेखी संमती लागते, ती त्याच मेलमध्ये लिहून टाकायची.